खाटेजवळचा पुरावा

नर्सिंग कॉलेजांमधून आलेल्या विद्यार्थिनी-विद्यार्थ्यांनो आणि मॉर्निंग ड्युटी संपवून परस्पर इथे आलेल्या माझ्या परिचारिका भगिनी-बंधूंनो,

तुमच्यापैकी अनेकजणी सकाळी सातपासून उभ्या आहात, हे मला ठाऊक आहे. म्हणून प्रास्ताविक लांबवत नाही. ज्या मेट्रनबाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी बोलायला माझ्यापेक्षा जवळची माणसं समोर बसली आहेत. मी त्यांच्या आणि आपल्या सगळ्यांच्या कामाविषयी बोलणार आहे, आणि त्या कामाला एकच प्रश्न विचारणार आहे. आपण वॉर्डात जे करतो, ते का करतो?

झोपून असलेल्या रुग्णाच्या पाठीला स्पिरिट चोळून वर पावडर लावतो. का? तिसऱ्या दिवशी चांगलं चाललेलं इंट्राकॅथ काढून दुसऱ्या हाताला नवं घालतो. का? ऑपरेशनच्या आदल्या रात्री रेझर घेऊन पोटावरचे केस काढतो. का? विद्यार्थ्यांना हे विचारलं की तीन उत्तरं येतात. इन्चार्ज सिस्टरांनी सांगितलं, पुस्तकात दिलंय, किंवा आमच्याकडे असंच करतात. या उत्तरांना मी नावं ठेवणार नाही. पहाटे तीन वाजता, एका हातात सलाईन आणि दुसऱ्या हातात केसपेपर असताना, हात सवयीनेच चालतात आणि सवयीने चालतात म्हणूनच रुग्ण वाचतात. अडचण वेगळीच आहे. काही सवयी तपासून, पारखून आपल्यापर्यंत आल्या आहेत. काही कुणी कधीच तपासलेल्या नाहीत. आणि वॉर्डात उभं राहून पाहिलं तर दोन्ही अगदी सारख्या दिसतात.

त्या वेगळ्या कशा ओळखायच्या? आजचं सगळं बोलणं या प्रश्नाभोवती आहे.

सुरुवात घरापासून करू. दरवर्षी १२ मे रोजी आपण दिवे लावतो, शपथ घेतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा दिवा आपण जपला. त्यांचे तक्ते मात्र जपले नाहीत. १८५४ साली, युद्ध चालू असताना, त्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचल्या. युद्ध संपल्यावर त्या घरी स्वस्थ बसल्या नाहीत. विल्यम फार नावाच्या संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसून त्यांनी मृत्यूंचे आकडे महिन्यामागून महिना मांडले. जखमांनी जितके सैनिक दगावले, त्याच्या कितीतरी पट टाळता येण्याजोग्या रोगांनी दगावले होते. १८५८ साली त्यांनी हे रंगीत वर्तुळाकार आकृत्यांमधून छापलं, कारण मंत्र्यांना आणि सेनाधिकाऱ्यांना ते एका नजरेत कळायला हवं होतं. आपल्या व्यवसायाची मुहूर्तमेढ रोवणारी बाई नोंदी ठेवणारी, मोजणारी होती. रिसर्च हे डॉक्टरांचं काम आणि सेवा हे आपलं, अशी वाटणी त्यांनी केलेली नाही. ती नंतर केली गेली, आणि आपण ती मुकाट्याने मान्य केली.

आता पाठीकडे येऊ. इथे मी थोडं रेंगाळणार आहे, कारण बेडसोअर हा पूर्णपणे आपला विषय आहे. तो झाला तर आपल्या हातून, टळला तर आपल्या हातून.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनच्या वॉर्डांमध्ये पाठीला काय काय लावत असत! साबण, स्पिरिट, तेलं, मलमं. जखम झालीच तर अंड्याचा पांढरा बलक लावून त्यावर ऑक्सिजन सोडायचा. प्रत्येक सिस्टरची स्वतःची पद्धत, आणि प्रत्येकीचा तिच्यावर ठाम विश्वास. डोरीन नॉर्टन या परिचारिकेने ठरवलं की हे मोजून पाहायचं. लंडनमधल्या वृद्धांच्या वॉर्डांत, मॅकलॅरन आणि एक्स्टन-स्मिथ या सहकाऱ्यांबरोबर, तिने रुग्णांच्या त्वचेच्या बारकाईने नोंदी केल्या. १९६२ साली तो अहवाल आला. चोळण्याच्या कोणत्याही पदार्थाने काही साधत नव्हतं. साधत होतं ते ठरावीक वेळाने कूस बदलल्याने. याच अभ्यासातून नॉर्टन स्केल आलं, जे आपण पहिल्या वर्षात पाठ करतो: शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, चालणं-फिरणं, हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा. पाच गोष्टी, प्रत्येकीला एक ते चार गुण. बेरीज चौदा किंवा त्याहून कमी आली की सावध व्हायचं.

कारण समजून घ्या, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. माकडहाड, खुबा, टाच या ठिकाणी हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा चिमटली जाते. बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोहोचत नाही, पेशी मरायला लागतात. तिथे वरून काय लावलं, याला काही अर्थ उरतो का? उलट, आधीच लाल झालेल्या जागी जोराने चोळलं तर आतल्या नाजूक ऊती आणखी दुखावतात. म्हणूनच आजच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की धोक्याच्या जागी मसाज नको, रबरी रिंग नको, टाचेखाली पाणी भरलेले हातमोजे नकोत. हातमोजे म्हटल्यावर मागच्या रांगेत कुजबुज झाली. होय, तेच हातमोजे. आपण ते मायेने भरतो, गाठ मारतो, टाचेखाली ठेवतो. आजी बघते आणि आशीर्वाद देते. पण दाब हटत नाही, फक्त जागा बदलतो. पोटरीखाली उशी घेऊन टाच मोकळी ठेवली, तर दाब हटतो. त्याला काही खर्चही नाही.

१९६२ ला साठ वर्षं उलटून गेली. स्पिरिट-पावडरची ट्रॉली अजून फिरते आहे. का? मला वाटतं, याचं कारण आपल्या मनात आहे. चोळणं ही सेवा वाटते. नातेवाईकांना ती दिसते, रुग्णाला स्पर्श मिळतो, बरं वाटतं. ते बरं वाटणं खोटं नाही. पाठ स्वच्छ करणं, कोरडी ठेवणं, त्या निमित्ताने रुग्णाशी चार शब्द बोलणं हे सगळं राहू द्या. पण ट्रॉली फिरून गेली म्हणून कूस बदलायची राहिली, तर चार्टवर काम झाल्याची खूण असते आणि माकडहाडावर जखम.

आणि आपल्याला हे जमत नाही असंही नाही. १९७३ साली केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या आपल्याच व्यवसायातल्या तरुणीवर अमानुष हल्ला झाला. २०१५ साली त्यांचं निधन होईपर्यंत, चार दशकांहून अधिक काळ, तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या त्या देहावर त्यांनी बेडसोअर होऊ दिले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासंबंधीच्या २०११ च्या निकालात या परिचारिकांचा मुक्तकंठाने गौरव केला. तो गौरव त्यांच्या मायेचा झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण ते कौशल्यही होतं ना? खाऊ घालण्याचं, अंग कोरडं ठेवण्याचं, न चुकता कूस बदलण्याचं, एका पाळीकडून दुसरीकडे न विसरता सोपवण्याचं कौशल्य. अशी शुश्रूषा जगातल्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमात धडा म्हणून असावी. आपण खूप करतो आणि त्यामानाने फार थोडं लिहितो, ही माझी जुनी तक्रार आहे आणि आज या व्यासपीठावरून मी ती पुन्हा करते.

दुसरा मुद्दा. पुरावा मिळाला म्हणजे तो जसाच्या तसा उचलायचा का?

नाही. पुन्हा बेडसोअरचंच उदाहरण देते. अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्धाश्रमांमध्ये झालेला एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तिथे दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदलण्याची तुलना केली आणि जखमांमध्ये फरक दिसला नाही. हे वाचून एखादा प्रशासक म्हणेल, छान, आता चार तासांनी बदला, माणसं कमी लागतील. थांबा. त्या रुग्णांच्या अंगाखाली घट्ट, दर्जेदार फोमच्या गाद्या होत्या. आपल्या जनरल वॉर्डात काय आहे? मधोमध खड्डा पडलेली काथ्याची गादी, तिच्यावर रेक्झिन, आणि मे महिन्यात त्या रेक्झिनवर घामाने भिजलेली पाठ. तिथला निष्कर्ष इथे आणताना गादीही आणावी लागेल. आणखी एक गोष्ट. पुस्तकांत पहिली खूण म्हणून त्वचेचा लालसरपणा दिलेला असतो, कारण ती पुस्तकं गोऱ्या त्वचेकडे पाहून लिहिली गेली. आपल्या सावळ्या, काळ्या रुग्णांत तो लालसरपणा सहज दिसत नाही. तिथे डोळ्यांपेक्षा हात कामाला येतो. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम लागते का, टणक लागते का, दुखते का? संशोधन वाचणाऱ्या परिचारिकेला संशोधन कुणावर झालं, हेही विचारता आलं पाहिजे.

इंट्राकॅथची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ७२ किंवा ९६ तासांनी हा शिरेतला कॅन्युला बदलायचाच, हा नियम जगभर होता. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर रिकर्ड या परिचारिका-संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्वीन्सलँडच्या तीन रुग्णालयांत ३२८३ रुग्णांवर याची तपासणी केली. काहींचा कॅन्युला नियमाने तिसऱ्या दिवशी बदलला, काहींचा फक्त कारण असेल तेव्हा, म्हणजे सूज, वेदना किंवा अडथळा आला तर. २०१२ साली निकाल आला. शिरेचा दाह दोन्ही गटांत सारखाच, सात टक्के. म्हणजे कारण नसताना टोचलेली प्रत्येक सुई वाया गेली होती. ज्यांच्या हाताला शीर सापडत नाही अशा केमोथेरपीच्या रुग्णाला, सुकलेल्या म्हाताऱ्या आजोबांना, घाबरलेल्या पोराला विनाकारण टोचणं! शिवाय त्यात गेलेला आपला वेळ.

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. पण पुढे ऐका. जिनिव्हाच्या रुग्णालयसमूहाने २०१८ साली हा नवा नियम स्वीकारला आणि कॅन्युलामुळे रक्तात जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण तिथे वाढलेलं आढळलं. त्यांनी तो नियम मागे घेतला. मग कुणाचं खरं मानायचं? मी या दोन्हींकडे असं बघते. ‘कारण असेल तेव्हाच बदला’ या वाक्यात एक अट दडलेली आहे: कारण दिसण्यासाठी कुणीतरी पाहिलं पाहिजे. प्रत्येक पाळीत पट्टी न्याहाळली, बोटाने दाबून दुखतंय का विचारलं, गरज संपताच कॅन्युला काढला, तर सुई वाचवणं सुरक्षित ठरण्याची आशा आहे. ते पाहणं होणार नसेल, तर नियम बदलणं धोक्याचं. आणि जिनिव्हाने जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी बदल केला, मोजत राहिले, आणि आकडे विरुद्ध गेल्यावर मागे फिरले. आपल्याकडे बदल परिपत्रकाने येतो, आणि नंतर काय झालं ते कुणी मोजत नाही.

काही गोष्टींबाबत मात्र इतका विचार करायची गरजच नाही. ऑपरेशनआधी रेझरने केस काढू नयेत, कारण त्वचेवर बारीक ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू वाढतात. अगदी गरज असेल तर क्लिपर वापरावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली हे स्पष्ट सांगितलं आहे. प्रसूतीसाठी आलेल्या बाईला सरसकट एनिमा आणि शेव्हिंग नको, हे २०१८ च्या सूचनांत आहे. कळा सोसणाऱ्या बाईला त्या अवघडलेपणातून आपण का न्यायचं? याचं समाधानकारक उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

तिसरा मुद्दा. वॉर्डाचे नियम कोणासाठी असतात?

कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवायची कांगारू पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस बोगोटात सुरू झाली, कारण तिथे इन्क्युबेटर पुरत नव्हते. पुढची कित्येक वर्षं आपण म्हणत राहिलो की बाळ आधी स्थिर होऊ द्या, मग आईकडे देऊ. २०२१ साली पाच देशांतल्या अभ्यासाचा निकाल आला. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत, म्हणजे आपलं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. एक किलो ते १.७९९ किलो वजनाची ३२११ बाळं. जन्मल्याबरोबर आईजवळ ठेवलेल्या बाळांपैकी २८ दिवसांत १२ टक्के दगावली, आणि स्थिर होण्याची वाट पाहिलेल्यांपैकी १५.७ टक्के. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधी थांबवला. पहिल्या गटात बाळं दिवसातले जवळजवळ सतरा तास आईच्या अंगाला होती, दुसऱ्या गटात जेमतेम दीड तास.

आता विचार करा, हा पुरावा वॉर्डात आणायला कुठलं यंत्र लागलं? एकही नाही. लागली ती आईसाठी एनआयसीयूच्या आत एक खाट. म्हणजे ‘आई दाराबाहेर’ हा नियम मोडावा लागला. ओली बाळंतीण आत राहणार म्हणजे तिचं रक्तस्रावाचं निरीक्षण, तिचं जेवण, तिचं न्हाणीघर हे सगळं आत आलं. ते कुणी सांभाळायचं? सिस्टरने. संशोधन तीन ओळींत सांगता येतं. ते अमलात येतं तेव्हा ड्युटी चार्ट बदलतो, खोलीतली खाट सरकते, सासूबाईंना समजवावं लागतं.

पुरावा फक्त मोठ्या रुग्णालयात जन्मतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी गडचिरोलीकडे पाहावं. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत, थोडं शिकलेल्या गावातल्याच बायकांना नवजात बाळाची तपासणी शिकवली. श्वास मोजणं, तापमान घेणं, वजन करणं, जंतुदोषाची लक्षणं ओळखणं, इंजेक्शन देणं, आणि प्रत्येक गोष्ट लिहून ठेवणं. त्या भागात हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत होती. तीन वर्षांत तो आकडा पंचवीसच्या आसपास आला. तुलनेच्या गावांत तो साठच्या जवळच राहिला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. याच धर्तीवर २०११ पासून आशाताई देशभर घरोघरी जाऊन नवजात बाळ पाहू लागल्या. गडचिरोलीतल्या या आरोग्यदूत बायकांनी गावातल्या घरात बसून भरलेल्या कागदांवर देशाचं धोरण उभं राहिलं. आपल्याला मात्र नोंदवही हे ओझं वाटतं, आणि त्याला कारण आहे. आपण भरलेली माहिती परत आपल्यापर्यंत कधी येतच नाही. गेल्या वर्षी आपल्या वॉर्डात किती बेडसोअर झाले, हे इथल्या किती इन्चार्ज सिस्टरांना कुणी कळवलं? हात वर करू नका, प्रश्न तुम्हाला नाही.

तो प्रश्न पहिल्या रांगेतल्या अधीक्षकांना आणि प्रशासकांना आहे, आणि माझा शेवटचा मुद्दाही त्यांच्याचसाठी आहे.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी सेंट्रल लाइन घालताना पाच साध्या गोष्टी पाळायच्या ठरवल्या. हात धुणं, पूर्ण निर्जंतुक आवरण वापरणं, क्लोरहेक्झिडिनने त्वचा स्वच्छ करणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं, गरज संपली की लाइन काढणं. २००६ साली छापलेला निकाल असा: हजार कॅथेटर-दिवसांमागे संसर्गाचं मध्यक प्रमाण २.७ होतं, ते तीन महिन्यांत शून्यावर आलं आणि पुढेही टिकलं. या पाच गोष्टींत नवं काय होतं? काहीच नाही. नवं होतं ते एवढंच की एखादी पायरी चुकली तर सिस्टरने डॉक्टरला थांबवायचं, आणि तसं थांबवण्याचा अधिकार तिला वरून दिलेला होता. आपल्याकडे ज्ञान कमी नाही. राउंडला प्रोफेसरांनी हात न धुता ड्रेसिंग उघडलं, तर चूक झाली हे सिस्टरला कळतं, विद्यार्थिनीला कळतं, कधी कधी मावशींनाही कळतं. बोलणार कोण?

आणि किती जणी आहेत बोलायला? लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांत २००२ साली दाखवलं, आणि २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांत पुन्हा तेच दिसलं. परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की ऑपरेशन झालेल्या रुग्णाच्या मृत्यूची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. एक रुग्ण वाढला की! आपल्या सरकारी वॉर्डांत नाईट ड्युटीला एका सिस्टरकडे तीस-चाळीस खाटा असतात, वर जमिनीवरच्या गाद्या वेगळ्या. तिला कॅन्युला प्रत्येक पाळीत पाहा, कूस दोन तासांनी बदला, असं सांगताना मला अवघडल्यासारखं होतं. परिचारिकांची संख्या हाही पुरावाच आहे, आणि तो पाळायची जबाबदारी सिस्टरवर टाकता येत नाही.

म्हणून तुमच्याकडे दोन गोष्टी मागते. परिचारिकांनो, तुमच्या वॉर्डातली एकच सवय निवडा. दोन-तीन महिने मोजा. कशी मोजायची, हे कॉलेजच्या ट्यूटरांना विचारा, त्यांचं ते कामच आहे. निष्कर्ष मराठीत लिहून सिस्टर-रूमच्या भिंतीवर लावा, म्हणजे मावशी आणि वॉर्डबॉयही वाचतील. रुग्णाची कूस बदलताना निम्मं वजन तेच उचलतात.

अधीक्षक महोदय, तुमच्याकडून मला एक कागद हवा आहे. हात न धुता, ठरलेली पायरी गाळून कोणीही रुग्णाला हात लावत असेल, मग तो कितीही वरिष्ठ असो, तर ड्युटीवरची सिस्टर त्याला थांबवेल आणि रुग्णालय तिच्या पाठीशी उभं राहील, एवढंच त्यावर लिहा. खाली तुमची सही आणि शिक्का. तो कागद ज्या रुग्णालयात निघेल, तिथल्या पहिल्या तुकडीला शिकवायला मी येईन. तारीख तुम्ही कळवा.